मिक्सर आहे, मग एव्ही प्रोसेसर कशाला? एका खोलीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या खोलीचं आहे. खोली एकच, साधारण सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद, पण तिच्याकडून कामं दोन हवी होती. एक म्हणजे नीट ५.१ मधे (समोर तीन, बाजूला-मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर) सिनेमा बघायचा, आणि दुसरं म्हणजे त्याच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या ग्रुपने सुट्टीच्या दिवशी तिथेच प्रॅक्टिस करायची, दोन-तीन माइक, एक कीबोर्ड, कधीतरी गिटार. पाच पॉवर्ड स्टुडिओ मॉनिटर (ॲम्प आतच असलेले स्पीकर) आणि एक सबवूफर (फक्त खालच्या बासचा स्पीकर) त्याने आधीच घेऊन ठेवले होते, आणि ग्रुपच्या कार्यक्रमांसाठी घेतलेला सोळा चॅनेलचा डिजिटल मिक्सर कार्यक्रम नसेल तेव्हा कपाटात पडून असायचा. त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. मिक्सरला सोळा इनपुट आहेत, भरपूर आउटपुट आहेत, प्रत्येकावर ईक्यू (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणारा), डिले (आवाज उशिरा सोडणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आहे, मग वेगळा एव्ही प्रोसेसर, म्हणजे सिनेमाचा आवाज उलगडून स्पीकरना वाटून देणारा डबा, कशाला घ्यायचा? स्पीकर सहाच तर आहेत, सहा आउटपुट लावले की झालं.

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि त्यावर "अरे ते वेगळं असतं" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. वेगळं म्हणजे नक्की कुठे वेगळं, हे कळल्याशिवाय माणूस पैसे कुठे घालायचे ते ठरवणार कसा? म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, काय लावून बघितलं, कुठे अडलं आणि शेवटी काय राहिलं.

मिक्सर कुठे अडतो

आधी हे सांगतो की मिक्सरला कमी लेखायचं काही कारण नाही. स्पीकरच्या बाजूचं जवळजवळ सगळं काम त्याला येतं, लेव्हल, डिले, ईक्यू, फिल्टर, आणि ते सगळं हाताशी असतं, मेनूत शिरावं लागत नाही. तो अडतो ते दारातच. सिनेमाचा आवाज सहा वेगळ्या वायरींवर येत नाही, तो एका एचडीएमआय केबलमधून बंद पाकिटात येतो, आणि ते पाकीट फोडणारा कुणीतरी लागतो. पाकिटाचे प्रकारही बरेच. थिएटरमधे डॉल्बी डिजिटल १९९२ ला आलं, डीटीएस १९९३ ला, पुढे डिस्कवर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आले, मग ॲटमॉस. प्रत्येकाला आपला डिकोडर लागतो, त्याचं लायसन्स लागतं, आणि वर एचडीएमआयवर एचडीसीपीचं (कॉपी रोखणारं) कुलूप असतं ते वेगळंच. बेहरिंगरचा एक्स३२ बघा नाहीतर यामाहाची टीएफ सिरीज बघा, असल्या लाइव्ह मिक्सरना एचडीएमआय इनपुटच नसतो, कारण ते बनलेत स्टेजसाठी आणि स्टेजवर कुणी बंद पाकीट आणून देत नाही.

इथे एक गैरसमज होतो तो सांगून टाकतो. यामाहाच्या ०१व्ही९६ सारख्या काही डिजिटल मिक्सरवर सराउंड पॅनिंगची (आवाज चहूबाजूंच्या स्पीकरवर फिरवायची) सोय आहे, ते वाचून लोकांना वाटतं की हा मिक्सर सराउंड "चालवतो". ती सोय सराउंड मिक्स बनवण्यासाठी आहे, बनलेला मिक्स उलगडायला तिचा उपयोग नाही.

मित्राचा पुढचा विचार ऑप्टिकलचा होता, टीव्हीचं ऑप्टिकल आउट कन्व्हर्टर लावून मिक्सरच्या डिजिटल इनपुटला द्यायचं. हे मी त्याला करू दिलं नाही. ऑप्टिकलमधून एक तर दोन चॅनेलचा साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो नाहीतर दाबलेला ५.१ जातो, तिसरं काही नाही. पीसीएम दिला तर स्टिरिओच मिळणार, मग पाच स्पीकर घेतले कशाला, आणि दाबलेला ५.१ दिला तर मिक्सर त्या डेटालाच साधा आवाज समजून वाजवायला लागतो. त्यातून जो खरखराट येतो, विशेषतः डीटीएसचा, तो जवळजवळ फुल लेव्हलचा असतो. पॉवर्ड मॉनिटरचा ट्वीटर अशाने जाऊ शकतो, कानाला त्रास होतो तो वेगळाच. ज्याच्याकडे डिजिटल इनपुटवाला मिक्सर आहे त्याने हे वाक्य लक्षात ठेवा प्लीज.

कॉम्प्युटरचा रस्ता, जो खरंच चालतो

मग आम्ही कॉम्प्युटर मधे घातला. मिक्सर यूएसबीने जोडला की मल्टीचॅनेल साउंड कार्ड म्हणून दिसतो, व्हीएलसी किंवा कोडीसारखा प्लेअर फाइलमधला डॉल्बी, डीटीएस स्वतः डिकोड करतो आणि सहा चॅनेल मिक्सरच्या सहा फेडरवर येऊन पडतात. मिक्सरने होम थिएटर चालवायचं असेल तर सगळ्यात सरळ मार्ग हाच, आणि आम्ही तो मनापासून लावून बघितला.

पहिली गोष्ट चॅनेलचा क्रम. कॉम्प्युटरकडून सहसा लेफ्ट, राइट, सेंटर, एलएफई (फक्त खोल बासचा चॅनेल), सराउंड लेफ्ट, सराउंड राइट असा क्रम येतो, तर सिनेमा मिक्स करणाऱ्यांकडे लेफ्ट, सेंटर, राइट, मग दोन सराउंड आणि शेवटी एलएफई असाही क्रम चालतो. चुकीच्या क्रमाने लावलं तर संवाद सबवूफरमधून येतात, म्हणजे येतच नाहीत, नुसती गुरगुर ऐकू येते. प्रत्येक चॅनेलचं नाव बोलून सांगणारी टेस्ट फाइल आधी वाजवायची, मगच सिनेमा.

दुसरं डिले. समोरचे स्पीकर बसायच्या जागेपासून ३.२ मीटरवर होते आणि सराउंड १.८ मीटरवर, फरक १.४ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे फरक चारएक मिलिसेकंदाचा झाला, तेवढा डिले सराउंडच्या आउटपुटवर टाकला. मिक्सरवर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसरं बास मॅनेजमेंट, म्हणजे स्पीकरचा खालचा बास सबवूफरकडे वळवणं, आणि इथे खरा घाम निघतो. प्रोसेसरमधे आपण "स्पीकर स्मॉल, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ" एवढं निवडतो आणि विसरून जातो, पण तेच मिक्सरवर हाताने उभं करायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते बघा. पाचही चॅनेलवर ८० च्या खालचं कापणारा हायपास लावायचा, त्या पाचही चॅनेलचा सेंड हायपासच्या आधीच्या जागेवरून एका वेगळ्या बसवर (आवाज एकत्र करणाऱ्या लाइनवर) घ्यायचा, त्या बसवर ८० च्या वरचं कापणारा लोपास लावायचा, तिथे एलएफई पण आणून मिसळायचा, आणि एलएफई मिसळताना त्याला १० डेसिबल (डीबी) जास्त द्यायचा. हे १० डीबी बरेच जण विसरतात. एलएफईचा चॅनेल मुळातच १० डीबी खाली रेकॉर्ड केलेला असतो आणि वाजवताना तो वर उचलायचा असतो, हे ठरलेलं आहे. तो उचलला नाही तर सिनेमात बासच नाही असं वाटतं आणि लोक सबवूफरला दोष देतात.

आता हेडरूमचा, म्हणजे आवाज फाटायच्या (क्लिप व्हायच्या) आधी किती जागा उरते त्याचा, हिशोब करा. पाच चॅनेलमधे एकच बास एकाच वेळी आला तर बेरीज १४ डीबीने चढते, त्यात १० डीबी उचललेला एलएफई त्याच क्षणी आला तर एकूण १८ डीबीपर्यंत जाते. म्हणजे सबच्या बसला आधीच तेवढं खाली ओढून ठेवायला हवं आणि भरपाई सबवूफरच्या नॉबवर करायला हवी, नाहीतर नेमक्या मोठ्या प्रसंगात बस क्लिप होणार. त्यातून हायपास आणि लोपासचे उतार एकमेकांना जुळणारे नसले तर ८० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, तो मोजल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच मिक्सरवर चॅनेलच्या लोकटचा (म्हणजे हायपासचाच) उतार ठरलेला असतो, बदलता येत नाही. आम्ही मेजरमेंट माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन बसलो, सबवूफरचा डिले थोडा थोडा सरकवत गेलो तेव्हा कुठे तो खड्डा भरला.

आणि हे सगळं झाल्यावर आवाज? उत्तम. अगदी मनापासून सांगतो, बासच्या पट्ट्यात हाताने बसवलेला पॅरामेट्रिक ईक्यू हा ऑटो करेक्शनपेक्षा (प्रोसेसर खोली मोजून स्वतः करतो त्यापेक्षा) कमी पडला नाही, समजून केला तर तो जास्तच बरा वाटतो, कारण आपण नक्की काय कापलं ते आपल्याला माहीत असतं. म्हणजे या प्रकरणात मिक्सर आवाजावर हरलेला नाही, हे नीट लिहून ठेवतो.

मग अडलं कुठे

अडलं रोजच्या वापरात. फाइल वाजत होत्या, पण घरात सिनेमा आता फाइलमधून कमी आणि ॲपमधून जास्त बघितला जातो, आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधे ही ॲप्स बहुतेक वेळा स्टिरिओच देतात, ५.१ देतात ते टीव्हीच्या ॲपमधे नाहीतर स्ट्रीमिंग बॉक्सवर, आणि तिथून आवाज निघतो तो परत एचडीएमआयनेच. गेमिंग कन्सोलचं तसंच, डिस्क प्लेअरचं तसंच. एकेकाळी ओप्पोच्या यूडीपी-२०५ सारख्या प्लेअरला ७.१ चे ॲनालॉग आउटपुट असायचे, ते सरळ मिक्सरला लावता यायचे, पण त्या कंपनीने २०१८ मधे प्लेअर बनवणं थांबवायचं ठरवलं आणि तसा दुसरा प्लेअर शोधत बसावं लागतं. एचडीएमआयमधून ५.१ ॲनालॉग काढून देणारे छोटे डबेही मिळतात, पण त्यातले बहुतेक जुन्या डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसवर थांबतात.

दुसरं म्हणजे व्हॉल्यूम. सहा स्पीकर सहा वेगळ्या बसवर, त्यामुळे मेन फेडर हलवून काही होत नाही, सगळ्यांना मिळून एक डीसीए (बरेच आवाज एकत्र हलवणारा फेडर) करावा लागतो आणि तो हलवायला एक तर मिक्सरपाशी जायचं नाहीतर टॅबलेटवर ॲप उघडायचं. आम्हाला हे चालतं. काकूंना, म्हणजे मित्राच्या आईला, चालत नाही, आणि का चालावं? त्यांना त्यांची मालिका लावायची असते, हातात रिमोट असतो, तो दाबला की आवाज कमी व्हायला हवा. त्या मला म्हणाल्या, "अरे, आधी कॉम्प्युटर, मग तो मिक्सर, मग स्पीकर, एवढं करेपर्यंत माझा भाग संपतो." मला हा मुद्दा सगळ्या तांत्रिक मुद्द्यांच्या वरचा वाटतो. घरातल्या सिस्टिमची मालकी एकट्या हौशी माणसाची नसते, आणि घरातला दुसरा माणूस ती एकटा लावू शकत नसेल तर सेटअप अर्धाच झालाय.

तिसरं ॲटमॉस. थिएटरमधे ते २०१२ ला आलं आणि घरात २०१४ ला. यात आवाज नुसता चॅनेलमधे नसतो, काही आवाज ऑब्जेक्ट म्हणून येतात, सोबत त्यांची जागा लिहिलेली असते, आणि तुमच्या खोलीत किती स्पीकर कुठे आहेत ते बघून रेंडरर ठरवतो की कुठल्या स्पीकरला काय द्यायचं. साध्या सॉफ्टवेअर प्लेअरवर ॲटमॉसचा ट्रूएचडी ट्रॅक ७.१ म्हणून उलगडतो, आवाज हरवत नाहीत कारण ते त्या ७.१ मधे आधीच मिसळलेले असतात, पण छताचे स्पीकर गप्प राहतात. मिक्सरकडे रेंडरर नाही, आणि कितीही बस दिल्या तरी तो येणार नाही. मित्राला पुढे छताचे स्पीकर लावायचेच होते.

हे समजल्यावर त्याने मला विचारलं, "पण मग मोठ्या स्टुडिओत तर कन्सोलच असतो ना?" असतो की. पण तिथे कन्सोल मिक्स बनवायच्या जागी असतो, आणि ॲटमॉसचं काम असेल तर रेंडरर वेगळा चालतो. सिनेमाच्या मिक्सिंग थिएटरमधेसुद्धा कन्सोलमधून निघालेला आवाज स्पीकरकडे जाताना प्रोसेसरमधूनच जातो. बनवणारा आधी, उलगडून खोलीला लावणारा नंतर. आपल्या खोलीत सिनेमा बनून आलेला असतो, त्यामुळे त्याच्यापुरता कन्सोलला कामच उरत नाही. कन्सोलचं काम उरतं ते खोलीत आत्ता जन्माला येणाऱ्या आवाजासाठी, म्हणजे माइक आणि कीबोर्डसाठी. हे एकदा डोक्यात बसलं की "प्रोसेसर की मिक्सर" हा प्रश्नच उरत नाही, प्रश्न उरतो की दोघांना जोडायचं कुठे. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय तोच होता.

जोडायचं कुठे

आधी डब्याबद्दल दोन शब्द. मित्राचे स्पीकर पॉवर्ड, त्यामुळे ॲम्पची गरज नव्हती, पण त्याने वेगळा प्रोसेसर न घेता एव्ही रिसीव्हर घेतला, म्हणजे प्रोसेसर आणि ॲम्प एकाच डब्यात. मला हे योग्य वाटलं. एवढ्या खोलीत वेगळ्या प्रोसेसरने कानाला फार फरक पडला नसता. फक्त एक अट घातली: मागच्या बाजूला सगळ्या चॅनेलचे प्रीआउट (ॲम्पच्या आधीचे आउटपुट) हवेत. स्वस्तातल्या बऱ्याच रिसीव्हरना फक्त सबवूफरचा प्रीआउट असतो, आणि मग पॉवर्ड मॉनिटर लावायला जागाच नसते. खरेदी करताना पुढचं पॅनल नाही, मागच्या पॅनलचा फोटो बघा. काही रिसीव्हरमधे आतले ॲम्प बंद ठेवायचा प्रीॲम्प मोडही असतो, असला तर वापरा.

आता जोडणी. पहिली पद्धत सगळ्यांना सुचते ती: मिक्सरचा स्टिरिओ आउट रिसीव्हरच्या एखाद्या ॲनालॉग इनपुटला. सोपी आहे, पण तीन अडचणी. रिसीव्हर एका वेळी एकच इनपुट वाजवतो, त्यामुळे टीव्हीवर गाण्याचा ट्रॅक लावून माइकवर गायचं तर टीव्हीचाही आवाज मिक्सरमधे आणावा लागतो. दुसरं, रिसीव्हरच्या आत आवाज परत डिजिटल होतो, रूम करेक्शनमधून जातो, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज जाणवेल इतका उशिरा येतो. सिनेमात असा उशीर झाकला जातो, आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की तो लक्षात यायला लागतो असं धरलंय, पण गाणाऱ्याचं तसं नाही, त्याला दहा-बारा मिलिसेकंदच खुपायला लागतात, लय धरता येत नाही.

तिसरी अडचण फीडबॅकची (स्पीकरचा आवाज माइकमधे शिरून शिट्टी वाजायची), आणि ही फार जणांच्या लक्षात येत नाही. गाणारा माणूस स्क्रीनकडे तोंड करून उभा असतो, शब्द वाचत. त्याच्या हातातला कार्डिऑइड माइक त्याच्या तोंडाकडे बघतो, म्हणजे माइकची पाठ समोरच्या स्पीकरकडे असते, आणि कार्डिऑइडला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं. हे आपल्या फायद्याचं. पण सराउंड स्पीकर गाणाऱ्याच्या मागे असतात, बरोबर माइकच्या तोंडासमोर. रिसीव्हरने स्टिरिओचं सराउंड करून माइकचा आवाज मागच्या स्पीकरला दिला की माइक शिट्टी मारणार. म्हणजे माइक सराउंडला जाताच कामा नये.

दुसरी पद्धत उलटी: रिसीव्हरचे सगळे प्रीआउट मिक्सरच्या इनपुटला, आणि मिक्सरमधून स्पीकरला. माइक मिक्सरमधेच मिसळतो, उशीर नाममात्र, कुठल्या स्पीकरला जायचं ते आपण ठरवतो. तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे. पण सिनेमाचे सहाच्या सहा चॅनेल आता मिक्सरवर अवलंबून, कुणाचा फेडरला हात लागला की कॅलिब्रेशन (खोलीत मोजून लावलेली लेव्हल आणि डिले) गेलं. आणि पुढे छताचे स्पीकर आले की दहा इनपुट, दहा आउटपुट, तेवढ्या केबल.

मग विचार केला की माइक फक्त समोरच्या लेफ्ट-राइटमधूनच यायला हवेत, तर मिक्सर फक्त लेफ्ट-राइटवरच घालूया ना. सेंटर, सराउंड, सबवूफर रिसीव्हरमधून थेट. हे लावलं आणि हेच टिकलं. टीव्हीचा ट्रॅक रिसीव्हरमधून जरा उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण गाणारा जो ट्रॅक ऐकतो त्याच्याच बरोबर गातो, आणि त्याचा स्वतःचा आवाज मात्र लगेच येतो. रिसीव्हरचा व्हॉल्यूम ट्रॅकचा, मिक्सरचा फेडर माइकचा, दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. बास मॅनेजमेंटचा हायपास रिसीव्हरच्या आतच होतो, त्यामुळे मिक्सरमधून आलेला कीबोर्ड लेफ्ट-राइटला पूर्ण पट्ट्यात मिळतो. सबवूफर त्याला मिळत नाही हे खरं, पण त्या मॉनिटरना तो खालचा पट्टा पुरेसा झेपतो, आणि माइकवर तर आपण तसाही ऐंशी-शंभर हर्ट्झचा लोकट लावतोच.

एक मजेशीर गोष्ट दिसली. डिजिटल मिक्सरमधून जाताना लेफ्ट-राइट साधारण एक मिलिसेकंद मागे पडतात, आणि ऑटो कॅलिब्रेशन ते अंतर म्हणून वाचतं, एक मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर. रिसीव्हरने दोन्ही स्पीकर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा तेवढे लांब दाखवले. मित्राने ते "दुरुस्त" करायला घेतलं, मी थांबवलं. तो आकडा अंतराचा म्हणून चूक आहे पण वेळेचा म्हणून बरोबर आहे, आणि रिसीव्हरला वेळच जुळवायची असते. म्हणून कॅलिब्रेशन नेहमी मिक्सर मधे ठेवूनच करायचं, फेडर शून्यावर (० डीबीच्या खुणेवर, तळाशी नाही), माइक म्यूट, आणि त्या दोन चॅनेलवर ईक्यू, गेट, कॉम्प्रेसर, लोकट सगळं बंद. मिक्सरमधे त्याच्या जुन्या कार्यक्रमाचा सीन (सेव्ह केलेल्या सेटिंग) लोड होता, त्यात नेमका या चॅनेलवर कॉम्प्रेसर होता, आणि सिनेमातले स्फोट सेंटरमधून दणदणीत पण बाजूंनी दबलेले येत होते. नवा कोरा सीन बनवला, सेव्ह केला, प्रश्न मिटला.

काकूंचा मुद्दा परत आला

सगळं छान चाललं होतं, पण आता टीव्ही लावायचा तर मिक्सर चालू असायला हवा, नाहीतर लेफ्ट-राइट मुके. शिवाय त्या मिक्सरला पंखा आहे, स्टेजवर तो कुणाला ऐकू येत नाही, शांत खोलीत सिनेमाच्या शांत प्रसंगात येतो. म्हणून शेवटचा बदल केला. लेफ्ट-राइटवर एक छोटा ॲनालॉग मिक्सर ठेवला, पंखा नाही, वीज नगण्य, कायम चालू. त्याच्या एका स्टिरिओ लाइन इनपुटला रिसीव्हर, दुसऱ्याला मोठ्या डिजिटल मिक्सरचा मेन आउट. प्रॅक्टिस असेल तेव्हाच मोठा मिक्सर चालू करायचा, बाकी दिवस त्याला हातही लावायचा नाही. काही मॉनिटरना दोन इनपुट असतात आणि ते आतच मिसळले जातात, तिथे छोट्या मिक्सरचीही गरज पडणार नाही, पण ते मॅन्युअल बघूनच ठरवा. मधला उशीर गेल्यामुळे कॅलिब्रेशन परत केलं, या वेळी अंतरं टेपशी जुळली.

छोट्या ॲनालॉग मिक्सरचा त्रास एकच, हिस (सतत येणारी बारीक सरसर). उपाय गेनच्या क्रमात आहे. मिक्सरचे नॉब युनिटीवर (आवाज न वाढवता, न घटवता जाईल तिथे) ठेवले, तिथे मार्करने खूण केली, आणि मॉनिटरच्या मागचा गेन खाली आणला, इतका की रिसीव्हरच्या टेस्ट नॉइजला बसायच्या जागी साउंड मीटरच्या सी वेटिंगवर ७५ डीबी मिळावेत आणि रिसीव्हरचे ट्रिम (प्रत्येक चॅनेलची लेव्हल सेटिंग) शून्याच्या जवळ राहावेत. असं केलं की रिसीव्हरच्या डायलवरचं शून्य म्हणजे सिनेमाचं रेफरन्स होतं, मेन चॅनेलला १०५ डीबीचे पीक आणि एलएफईला ११५. घरात एवढं कुणी लावत नाही, मित्राकडे उणे वीसच्या आसपास चालतं, पण मोजमाप जागेवर असलं की पुढचं सगळं सोपं जातं.

केबलचं पण सांगतो. रिसीव्हरचे प्रीआउट आरसीए, मॉनिटरला एक्सएलआर. आरसीएचा मधला कंडक्टर पिन २ ला, बाहेरचा पिन ३ आणि पिन १ दोन्हींना. तयार केबलमधे पिन ३ मोकळी सोडलेली असते कधीकधी, मग लेव्हल पडते किंवा हम (सतत घुंघुं) येतो. आणि छोट्या मिक्सरला रिसीव्हर जोडताना एक्सएलआरच्या माइक इनपुटला जोडू नका, पाव इंची लाइन इनपुटला जोडा. या मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) बहुतेक सगळ्या माइक इनपुटला एकदम जातो, एखाद्या कंडेन्सर माइकसाठी कुणी ते बटण दाबलं की तोच करंट रिसीव्हरच्या आउटपुटवर जाणार. चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, हा नियम काकूंनी आमच्यापेक्षा पटकन उचलला.

हम एकदाच आला, कुणीतरी लॅपटॉप चार्जरसकट डिजिटल मिक्सरला लावला तेव्हा. ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे होणारा) होता, लॅपटॉपच्या आउटपुटवर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावला, गेला. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

हीच खोली जर मुख्यतः प्रॅक्टिसची असती आणि सिनेमा कधीतरी, तर मी रिसीव्हर घ्यायला सांगितलंच नसतं. टीव्हीचा स्टिरिओ आउट मिक्सरच्या दोन चॅनेलवर घ्यायचा, टीव्हीच्या रिमोटने व्हॉल्यूम बदलेल अशी सेटिंग ठेवायची, दोन चांगले स्पीकर आणि झालं. आणि ज्याच्याकडे नुसत्या फाइल आहेत, एकटाच बघणार आहे, मोजमापाची आवड आहे, त्याने कॉम्प्युटर आणि मिक्सरचा रस्ता खुशाल घ्यावा, त्यात शिकायला खूप मिळतं.

मित्राच्या यादीत आता छताचे चार स्पीकर आहेत. रिसीव्हरला तेवढे प्रीआउट आहेत हे घेतानाच बघून ठेवलंय, त्यामुळे नव्या केबल थेट रिसीव्हरपासून छतापर्यंत जातील आणि दोन्ही मिक्सरमधलं काही हलवावं लागणार नाही. कॅलिब्रेशन मात्र पहिल्यापासून करावं लागेल, आणि त्या दिवशी प्रॅक्टिस नको असं त्याने ग्रुपला आत्ताच सांगून ठेवलंय.